पायावरचा कोहळा

आमच्या न्हाणीच्या छपरावरचा कोहळा त्या हिवाळ्यात नेमका बाळाएवढा झाला, यात माझा काही दोष नाही. वेल मी लावला नव्हता. मोरीच्या पाण्यावर तो आपला आपण उगवला, कौलांवर चढला आणि वर जाऊन एक कोहळा धरून बसला. आखूड, गुबगुबीत, अंगावर पांढरी भुकटी. कुणीतरी नुकतंच न्हाऊ घालून पावडर लावून ठेवावं तसा. रोज सकाळी दात घासताना मी त्याच्याकडे बघायची आणि मला वाटायचं, याला कुठेतरी पाहिलंय.

नागावला आमची नारळ-पोफळीची वाडी आहे. लेकीनं वाडीत दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली, तेव्हापासून मी तिच्याकडेच असते. तिचा नवरा बोटीवर. वर्षातले थोडे महिने घरी, बाकी समुद्रावर. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी नात, मुंबईला नोकरी करते. तिचा नवरा पनवेलकडचा, त्याचा ट्रकांचा धंदा. तिला सातवा लागला होता आणि डोहाळजेवणासाठी दोघं आमच्याकडे आली होती. माझ्या पायाला तर आठवडाभर आधीपासून भिंगरी. पणजी होणार म्हणजे काय चेष्टा आहे? आजी कोणीही होतं. पणजी व्हायला टिकावं लागतं.

आली त्याच दिवशी दुपारी नात माझ्यासमोर मोड आलेल्या वालांची परात घेऊन बसली. बिरड्याचे वाल सोलायला बसलं की माणूस खरं बोलतं. हात गुंतलेले असतात, नजर परातीत असते, समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

“आजी, तुला कुणी तयार केलं होतं का गं?” ती म्हणाली. “म्हणजे मनानं. आई व्हायला.”

“केलं होतं की. सासूबाईंनी सांगितलं, जड उचलू नकोस. झाली तयारी.”

ती हसली नाही. मग तिनं सांगितलं की मुंबईत होणाऱ्या आईबापांसाठी एक वर्ग असतो. मूल रडायला लागलं की आपल्याला काय होतं, झोप मिळाली नाही की नवरा-बायको एकमेकांवर कसे गुरकावतात, कुणाची मदत घ्यायची, कुणाचा सल्ला या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायचा, सगळं आधीच बोलून घेतात. मी परात बाजूला सारून ऐकायला लागले. इतकी चांगली सोय निघाली आणि आम्हाला पत्ता नाही.

“मग मला का नाही नेलंस? मी मागे बसले असते.”

“आजी, ऐक ना. तिथे एक रबरी बाहुली देतात. तिची मान खऱ्या बाळासारखी लुळी असते. ती याच्या हातून पडली. डोक्यावर.”

“मग?”

“सगळे हसले. तोही हसला. आणि त्यानंतर वर्गाला आलाच नाही.” तिनं एक वाल दाबला, तो साल सोडून उडाला आणि माझ्या चष्म्यावर आपटला. “आता म्हणतो, बाळंतपणाला तू माहेरी असशीलच. आई आहे, आजी आहे. बाळानं मान धरली की मी येतो. तोवर माझ्या हातात द्यायलाच नको.”

मी चष्मा पुसत बसले.

“बाबांनी मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी रांगत होते. त्यांना बघून मी भोकाड पसरलं म्हणे. अजून सगळे हसत हसत सांगतात. पण बाबांची बोट होती, आजी. याची कुठली बोट आहे?”

मी उरलेले वाल भराभर सोलून टाकले. असलं काही ऐकलं की मी कामाला लागते.

नातजावयाच्या, मी त्याला जावईच म्हणते, हातांची ख्याती मात्र खरी होती. लग्नात त्यानं हळदी-कुंकवाची तबकं उलथी केली. मांडव्याच्या जेट्टीवर बायकोचा फोटो काढताना फोन थेट समुद्रात सोडला. आणि हाच माणूस काचांनी भरलेला ट्रक पुण्याला पोचवतो आणि एका काचेला ओरखडा येत नाही. म्हणजे हात वाईट नव्हते. हातांना घरातल्या वस्तूंची भीती वाटत होती.

आता हसायचं तर आधी माझ्यावर हसा. माझ्या पहिल्या खेपेला मी कशी होते ते मी नातीला आजवर थोडं थोडंच सांगितलंय, एकदम सांगितलं तर ती माझ्याकडे पुन्हा सल्ला मागायला यायची नाही. त्या वेळच्या मला मी बाईसाहेब म्हणते. तर बाईसाहेबांचं पोट जेमतेम दिसायला लागलं आणि त्यांनी घरात जाहीर केलं की आपल्या बाळाला न्हाऊ घालायला बाई लावायची नाही. मी स्वतः घालीन. त्यात काय अवघड आहे? पाटावर बसायचं, पाय सरळ पसरायचे, पायावर बाळ आणि बाळावर पाणी. बाईसाहेबांनी हे दुरून पुष्कळदा बघितलं होतं. दुरून सगळं सोपंच दिसतं.

बारशाला वरवंट्याला टोपडं घालून बाळासारखं नटवतात आणि पाळण्याखालून-वरून फिरवतात. मग आपण आधीच का नटवू नये, असं बाईसाहेबांच्या मनात आलं. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की त्या वरवंट्याला खोबरेल लावायच्या, टोपडं घालायच्या, पायावर घ्यायच्या आणि वर अंगाई म्हणायच्या. एके दुपारी वरवंटा घरंगळला तो डाव्या अंगठ्यावर. बाईसाहेबांनी जो सूर लावला त्यानं शेजारपाजारच्या बायका गोळा झाल्या. सासूबाई डोळे चोळत बाहेर आल्या, टोपड्यातला वरवंटा बघितला, अंगठा बघितला आणि म्हणाल्या, “पोर रडायच्या आधी आई रडली. चांगला शकुन आहे.” त्या संध्याकाळच्या चटणीला खोबरेलाचा वास येत होता आणि मामंजींनी ती मागून घेतली.

पुढे लेक झाली आणि तिला पहिल्यांदा पायावर घेतलं, तेव्हा बाईसाहेबांना शोध लागला की वरवंटा हलत नाही. लेक हलत होती. तिला मान नव्हती, हाडं नव्हती, नुसती वळवळ होती. बाईसाहेबांनी पाय इतके आवळले की गोळे आले, डोळे मिटले, तांब्या उचलला आणि सगळं पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतलं.

सासूबाई दारातून म्हणाल्या, “झालं का तुझं? आता बाळाला घाल.”

एवढंच त्यांचं शिक्षण. त्यामुळे वर्ग म्हटल्यावर मला आनंदाच्या उकळ्या का फुटल्या ते तुम्हाला कळेल.

तर जावयाला शिकवायला वरवंटा बाद. घरात मिक्सर आल्यापासून आमचा वरवंटा पाहुण्यांच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून अडसराला आहे. शिवाय या वेळी अंगठा जावयाचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत वर बघितलं आणि मला एकदम आठवलं, या कोहळ्याला मी कुठे पाहिलंय ते. माझ्या पायावर. हीच माझी लेक.

“आई, तुझा चेहरा असा का झालाय?” पाहुण्यांचे पोहे परतता परतता लेकीनं विचारलं. “काही करू नकोस हं. आज विहीणबाई यायच्यात.”

विहीणबाई म्हणजे जावयाची आई. दुसऱ्या दिवशीच्या डोहाळजेवणासाठी त्या दुपारपर्यंत पोचणार होत्या. म्हणजे सकाळ माझी होती.

“जावईबापू, तेवढा कोहळा उतरवून द्या. शिडी तिथे आहे.”

त्यानं देठ कापून कोहळा खाली आणला. पाडला नाही, हे मी मनात नोंदवलं.

“आता पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करा आणि पाटावर बसा. पाय लांब.”

“कशाला, आजी?”

“याला न्हाऊ घालायचंय.”

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग न्हाणीच्या दारात उभ्या असलेल्या बायकोकडे. ती पदर तोंडावर धरून उभी होती.

“आजी, हा कोहळा आहे.”

“आत्ता आहे. तेल लागलं की बाळ.”

मी ओंजळभर खोबरेल चोपडलं. पांढरी भुकटी निघून गेली आणि आतून असं गुळगुळीत हिरवं अंग निघालं की माशानंही लाजावं. जावयाच्या नडग्यांवर मी ते बाळ ठेवलं. डोकं घोट्यांकडे, पाय आपल्याकडे. देठ म्हणजे शेंडी समजायची. जावयानं श्वास धरला.

“श्वास घ्या. तुम्ही धरलात तर बाळ काय घेणार?”

“आजी, लोड पुढे सरकतोय.”

“ट्रकात सरकला तर काय करता?”

“पुढे लाकूड लावतो.”

“मग लावा.”

त्यानं क्षणभर विचार केला, टाचा जुळवल्या, चवडे उभे करून आत वळवले आणि कोहळा तिथे टेकून गप्प बसला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. ही युक्ती बाईसाहेबांच्या डोक्यात शिरेपर्यंत लेक बसायला लागली होती. आणि या मुलाला ट्रकानं आधीच शिकवून ठेवली होती. नात बादलीतलं कोमट पाणी तांब्यानं घालायला लागली. त्यानं डाळीचं पीठ लावलं, कानामागे चोळलं, म्हणजे कान असते तिथे. डोळ्यांवर पाणी येऊ नये म्हणून हाताचा आडोसा केला. हे मी सांगितलंही नव्हतं.

“आता पालथं घ्या. एक हात छातीखाली.”

त्यानं घेतलं.  नात हसत होती, तिचं पोट हलत होतं, मी सूचनांवर सूचना सोडत होते आणि पाहुण्यांतलं एक जोडपं चहाचे कप घेऊन माडाखाली येऊन उभं राहिलं होतं. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. विहीणबाई दुपारची वाट न बघता आल्या होत्या.

“आरं, काय करतंस? कोहला हाय तो.”

विहीणबाईंचा आवाज म्हणजे हायवेवरचा ट्रक थांबवणारा. जावई दचकला, चवडे फाकले, कोहळा सुटला, धुण्याच्या दगडावर आपटला आणि त्याची दोन भकलं झाली.

पाहुणे सोडून आम्ही सगळ्यांनी कपाळाला हात लावला.

कारण कोहळा म्हणजे आमच्याकडे नुसती भाजी नव्हे. त्याला घरच्या थोरल्या मुलासारखा मानतात. बाईनं अख्खा कोहळा चिरायचा नाही. आधी पुरुष सुरी घालतो, मग बायका हात लावतात. आणि घरात पोटुशी असली तर त्याचं नावही काढत नाहीत. हे मला माहीत नव्हतं? मी सुनांना, शेजारणींना, दूध घालणाऱ्यालासुद्धा हे सांगत आलेय. पण त्याच्यात मला लेक दिसली आणि बाकीचं सगळं डोक्यातून पुसलं गेलं. म्हणजे बाईसाहेब काही कुठे गेलेल्या नाहीत. नुसते केस पांढरे करून बसल्यात.

“सातव्या महिन्यात,” विहीणबाई हळू म्हणाल्या. “आनि बापाच्या हातनं.”

नातीनं पोटावर हात ठेवला. माझी जीभ अजून चालत होती.

“विहीणबाई, दृष्ट काढायला काय फोडतात?”

“कोहला.”

“कोण फोडतं?”

“बापया माणूस.”

“मग हे काय झालं? सगळी दृष्ट गेली पोराची.”

“त्याला कुकू लावतात आधी.”

मी तरातरा देवघरात गेले, कुंकवाचा करंडा आणला आणि दोन्ही भकलांना बोटं ओढली.

“आधी लावतात, आजी. मागनं न्हाय.”

“आधी-मागचं देव बघून घेईल. तुम्ही पाणी प्या.”

विहीणबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. पण नात हसली नाही, आणि जावई पाटावरून उठला. तेलकट पाय, पिंडऱ्यांवर डाळीचं पीठ. बायकोकडे न बघता म्हणाला, “मी सांगत होतो ना? बाळानं मान धरली की येईन.” आणि ओल्या पायांनी अंगणातल्या गाडीकडे चालायला लागला.  नातीनं तांब्या बादलीत सोडून दिला.

“कुठं चालला?” विहीणबाईंनी विचारलं.

“आई, माझ्या हातात काही टिकत नाही. तुला माहीत आहे.”

“तुज्या हातात टिकत न्हाय?” विहीणबाईंनी पिशवी खाली ठेवली. “तूच माज्या हातात टिकला न्हायस. घरातली सगली शेतावर, मी एकली. म्हटलं आपणच घालू न्हाऊ. तेल लावला, पायावर घेतला, आनि गेलास की सुलकन मोरीत.”

जावई थांबला. आम्ही सगळेच थांबलो.

“मोरीत?”

“मोरीत. तू पडलास आनि टकामका बघत बसलास. रडले मी.”

“हे मला कधी सांगितलं नाहीस.”

“त्यात सांगायचं काय? दुसऱ्या दिवशी परत घेतला पायावर. मान धरंपर्यंत पारोसा ठेवायचा व्हता का तुला?”

माडाखालचं पाहुणं जोडपं आता उघड ऐकत होतं. नातीनं पदर डोळ्यांना लावला, आणि मला वाटलं आता रडते. ती हसत होती. आवाज न करता, दाराची चौकट धरून, नवऱ्याकडे बोट दाखवत. “मोरीत,” एवढंच तिला म्हणता येत होतं. तो तिच्याकडे बघत राहिला. मग कपाळावरचं पीठ पुसायला हात वर केला आणि आणखी पीठ लावून घेतलं.

मला त्या वर्गवाल्यांना सांगावंसं वाटलं, बाहुली राहू द्या, आमच्या विहीणबाईंना बोलवा.

जेवणं झाली.  हात धुवून जावई माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“आजी, अजून एखादा कोहळा आहे का?”

छपरावर नव्हता. त्यानं स्वतः विहिरीच्या मागचं रान तुडवलं आणि पंपाच्या खोलीमागे एक शोधून काढला. वाकडा, एका बाजूनं चपटा. “असलाच बरा,” तो म्हणाला. “बाळ तरी कुठे सरळ असतं?” पुन्हा पाट, पुन्हा तेल. या वेळी तांब्या विहीणबाईंच्या हातात होता. घरात पोटुशी, म्हणून त्यांनी आधीच कोहळ्याला कुंकू लावलं आणि जाहीर केलं की याला सुरी लागायची नाही.

“आई, ओरडू नकोस हं.”

“बाल झाल्यावर मी ओरडनार न्हाय असं वाटतं तुला?”

त्यानं विचार केला. “मग ओरड. त्याचीपण सवय लागू दे.”

अशी परवानगी विहीणबाईंना जन्मात कुणी दिली नसेल. पाणी घालता घालता त्या मधेच किंचाळायच्या. “आरं साप.” “आरं गॅस चालू ऱ्हायला.” “आरं तुजा ट्रक उलटला.” पहिल्या किंकाळीला कोहळा हातभर सरकला. पुढच्या खेपेला बोटभर. ट्रक उलटला तेव्हा मात्र जावयानं मान वर न करता विचारलं, “कुठला? पेणचा की महाडचा?” आणि चवडे तसेच आत वळलेले. नात खुर्ची ओढून समोर बसली होती. तिचं लक्ष कोहळ्याकडे नव्हतं, त्याच्या पावलांकडे होतं. लेक पाहुण्यांना चहा द्यायचं विसरली होती आणि पाहुणे मागत नव्हते. मी तर मधे मधे उठून फेऱ्या मारत होते, बसवेना.

फुटलेला कोहळा जावयानं स्वतः किसला, कारण पहिला वार त्याचाच होता. त्याच्या वड्या डोहाळजेवणाच्या ताटात गेल्या. नातीनं त्यातली एक उचलली, निरखून बघितली आणि म्हणाली, “दृष्टच खातेय म्हणजे मी.” आणि आणखी एक मागितली.

मुलगी झाली. निरोप गेला त्याच दिवशी जावई आला, पहिल्या आंघोळीलाही आला. कुणी काही म्हणायच्या आत पाट घेतला, पॅन्ट वर केली आणि बसला. पाण्यात कोपर बुडवून बघितलं. पावलं आपोआप आत वळली. नातीनं मुलीला त्याच्या पायावर ठेवलं आणि तांब्या उचलला. मी दारात उभी होते. खरं सांगायचं तर मला थोडी आशा होती, की घराण्याची रीत म्हणून निदान एक तांब्या तरी कुणीतरी स्वतःच्या डोक्यावर ओतेल. तसलं काही झालं नाही. पोरीनं बापाच्या पोटावर धार सोडली, विहीणबाई सवयीनं ओरडल्या, पोर दचकली आणि जावई नाही.

“अजून मान धरली नाही हो तिनं,” मी म्हटलं. “लवकर आलात.”

“आजी, पाणी डोळ्यात जाईल, बोलू नका,” तो म्हणाला.

फुटलेल्या कोहळ्याच्या बिया मी मोरीच्या पाण्यावर टाकल्या होत्या. वेल पुन्हा न्हाणीच्या कौलांवर गेलाय आणि यंदा एक नाही, चांगले रांगेनं बसलेत, गुबगुबीत, पावडर लावून. मी फोन करून विचारलं, सांबाराला एखादा तोडायला कधी येता. जावई म्हणाला, “नको आजी, राहू द्या ते वर. लागतील.”

“कशाला हो?”

तो काही बोलायच्या आत नातीनं फोन ओढून घेतला. मागे पोर कुणावर तरी ओरडत होती, आवाज थेट विहीणबाईंचा.

“आजी,” नात म्हणाली, “सगळेच्या सगळे उतरव आणि आजच सांबार कर.”

मी अजून एकही तोडलेला नाही. सकाळी दात घासताना बघते आणि कोणता कुणासारखा दिसतो ते ठरवत उभी राहते.